शर्यत पडद्यावरची, मान आपली

'द कॅननबॉल रन' हा १९८१ सालचा हॉलिवूडचा चित्रपट माझ्या वयाच्या अनेकांनी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला असेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गाड्या हाकायच्या आणि जो कमी वेळात पोचेल तो जिंकला, एवढीच त्याची कथा. परवानगी कुणाची नाही, वेगमर्यादेची फिकीर नाही आणि मागे पोलीस. स्पर्धकांमध्ये पाद्र्यांचे झगे घातलेले दोन इरसाल गडी आहेत, जपानी गाडीत बसलेला तरुण जॅकी चॅन आहे, स्वतःला रॉजर मूर समजणाऱ्या माणसाच्या भूमिकेत खुद्द रॉजर मूर आहे. नायक बर्ट रेनॉल्ड्स तर चक्क रुग्णवाहिका घेऊन शर्यतीत उतरतो. गाड्या उडतात, आदळतात, आणि माणसं धूळ झटकून पुन्हा उभी राहतात. आपण पोट धरून हसतो.

आरोग्याच्या सदरात या सिनेमाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. काम असं, की यातली बरीच गंमत खरी घडलेली आहे आणि या गमतीतून एक मोडलेली मानही निघाली आहे. ती मात्र पडद्यावर कुठे दिसत नाही.

ब्रॉक येट्स नावाच्या मोटार-पत्रकाराने १९७१ मध्ये खरोखरच अशी बेकायदा शर्यत सुरू केली. पुढे चित्रपटाची पटकथाही त्यानेच लिहिली. शर्यतीला नाव दिलं ते एर्विन बेकर या जुन्या वेगवेड्याच्या 'कॅनन बॉल' या टोपणनावावरून. नोव्हेंबर १९७१च्या शर्यतीत येट्स आणि व्यावसायिक रेसर डॅन गर्नी यांनी न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंतचं सुमारे ४,६०० किलोमीटरचं अंतर फेरारीतून ३५ तास ५४ मिनिटांत कापलं. म्हणजे पेट्रोलसाठी थांबणं वगैरे धरून सरासरी ताशी १२८ किलोमीटर. पुढच्याच वर्षीच्या शर्यतीत तीन स्त्रियांची लांबलचक कॅडिलॅक रस्ता सोडून उलटली. चालवणारीला डुलकी लागली होती. एकीच्या मोडलेल्या हातावर निभावलं.

रुग्णवाहिकेची कल्पनाही खरीच. १९७९च्या शेवटच्या शर्यतीत येट्सने एका व्हॅनची रुग्णवाहिका केली, बरोबर एक डॉक्टर घेतला आणि स्वतःच्या पत्नीला रुग्ण म्हणून स्ट्रेचरवर झोपवलं. पोलिसांनी अडवलंच तर सांगायला कारणही तयार होतं: बाईंना फुप्फुसाचा विकार आहे, विमान मानवणार नाही. थाप वैद्यकीयदृष्ट्या अगदीच पोकळ नव्हती. उडत्या विमानातला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितकाच असतो आणि गंभीर फुप्फुसविकार असलेल्याला तिथे धाप लागू शकते. अर्ध्या सत्यावर रचलेली थाप लवकर पचते, हे आम्ही डॉक्टर रोजच पाहतो.

एक डॉक्टर म्हणून मला या विनोदाचं हसू येतं आणि तो खुपतोही. सायरनचा सगळा अधिकार लोकांच्या विश्वासावर उभा असतो. लालबागच्या विसर्जनाच्या गर्दीत, जिथे मुंगीला वाट मिळत नाही तिथे, रुग्णवाहिका आली की माणसं दोन्ही बाजूंना सरकतात. हा या शहराचा मोठेपणा. आत खरंच रुग्ण आहे, या भरवशावर ती सरकतात. हा भरवसा एकदा उडाला की त्याची किंमत खऱ्या रुग्णाला मोजावी लागते.

आता त्या मोडलेल्या मानेविषयी. जून १९८०मध्ये नेवाडा राज्यात या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू होतं. समोरून येणाऱ्या गाड्यांमधून वाट काढत ॲस्टन मार्टिन गाडी सुसाट न्यायची, असं दृश्य होतं. त्या गाडीत हायडी फॉन बेल्ट्झ ही २४ वर्षांची स्टंट कलाकार बसली होती. गाडी समोरच्या व्हॅनवर आदळली. गाडीला सीटबेल्ट नव्हते. हायडीची मान मोडली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. चित्रपट पुढच्या वर्षी धूमधडाक्यात प्रदर्शित झाला. हायडी त्यानंतर सुमारे ३५ वर्षं जगली आणि २०१५ मध्ये गेली. व्यावसायिक स्टंटबाज, ठरलेला मार्ग, ठरलेल्या गाड्या आणि दिग्दर्शक हॅल नीडम स्वतः मुरलेला स्टंटमन. एवढी तयारी असूनही एक पट्टा नव्हता म्हणून हे झालं. आपल्या रस्त्यांवर तर यातलं काहीच ठरलेलं नसतं.

आपल्याकडे कुठे अशा शर्यती, असं म्हणायची सोय नाही. रात्री बारानंतर मरीन ड्राइव्हवर किंवा एखाद्या मोकळ्या पुलावर सायलेन्सर बदललेल्या बाइकचा फटफटाट मुंबईकरांना नवा नाही. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना २०१० पासून बंदी आहे. पूर्व मुक्त मार्गावर आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावरही दुचाकींना प्रवेश नाही. त्या किनारा मार्गावर सरळ रस्त्याला ताशी ८० आणि बोगद्यात ६० किलोमीटरची मर्यादा आहे. तरीही रात्री तिथे महागड्या मोटारी शर्यतीसारख्या धावतात, अशा तक्रारी आसपासच्या रहिवाशांनी केल्या आहेत.

दुसरी शर्यत जास्त घरगुती आहे. तिला आपण शर्यत म्हणतच नाही. गणपतीला किंवा शिमग्याला गिरगाव, परळ, लालबागमधून निम्मी चाळ कोकणात निघते. दिवसभर ड्युटी करून रात्री दहाला गाडीत बसायचं आणि पहाटे दारात उभं राहायचं. मग गावच्या पडवीत चहा घेताना हिशेब सुरू होतो. "आम्ही सात तासांत कणकवली गाठली." "सात? आमच्या बंड्याने सहात आणली!" ना झेंडा, ना बक्षीस, पण शर्यत तीच. त्यात बंड्याच्या मागच्या सीटवर आजी असते आणि मांडीवर नातू.

या शर्यतीत शरीराचं काय होतं ते समजायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ताशी ४० ऐवजी ८० वर गाडी असेल तर शरीराला चौपट ऊर्जा पचवावी लागते. हे डोळ्यांसमोर आणायचं तर आपली चाळ घ्या. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडणं. ताशी १०० वेगाने आदळणं म्हणजे गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या बाराव्या-तेराव्या मजल्यावरून पडणं. तेराव्या मजल्याच्या कठड्यावर कुणी हौसेने उभं राहत नाही. ताशी १०० वर मात्र एका हाताने मोबाइल धरून गाडी चालवणारे रोज दिसतात.

थांबण्याचं गणितही असंच आहे. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ८० वेगाने गाडी या दीड सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर, रस्ता कोरडा आणि टायर चांगले असले तरी, आणखी ३५ मीटरच्या आसपास अंतर लागतं. ताशी १२० वेगाला हा एकूण आकडा १३० मीटरच्या घरात जातो. पावसाळ्यात यात बरीच भर घाला.

आणि या धोक्याच्या बदल्यात मिळतं काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा आहे. पूर्ण रस्ता ताशी १०० ने कापला तर ५७ मिनिटं लागतील आणि १२० ने कापला तर ४७. वाचली दहा मिनिटं, तीही कागदावर, कारण घाटात मर्यादा याहून बरीच कमी आहे. धडकेची ऊर्जा मात्र ४४ टक्क्यांनी वाढली. हा सौदा कुठलाही गिरगावकर दुकानदार करणार नाही.

एका अपघातात खरं तर तीन धडका होतात. पहिली गाडीची, समोरच्या वस्तूशी. दुसरी शरीराची, गाडीच्या आतल्या भागाशी. तिसरी आतल्या अवयवांची, शरीराच्याच भिंतींशी. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. कवटी थांबते, पण मेंदू थांबत नाही. तो पुढे आदळतो, मागे आदळतो, पिळवटतो आणि त्यातले सूक्ष्म तंतू तुटतात. अशा रुग्णाच्या डोक्यावर कधी कधी खरचटलेलंही नसतं आणि तो आठवडेच्या आठवडे डोळे उघडत नाही.

मान हा यातला सर्वांत नाजूक दुवा. साडेचार-पाच किलोचं डोकं सात लहान मणक्यांवर तोललेलं असतं. त्या मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा जाड मज्जारज्जू जातो. मेंदूकडून हातापायांकडे जाणारा प्रत्येक निरोप त्यातून जातो. मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून श्वासपटलाच्या नसा निघतात. इजा त्याच्या वर झाली तर श्वासच बंद पडतो. थोडी खाली झाली तर माणूस श्वास घेतो, बोलतो, सगळं समजतं, पण हातपाय त्याचे राहत नाहीत. तुटलेलं हाड जुळतं. चिरडलेला मज्जारज्जू पूर्ववत करणारं औषध आज आमच्याकडे नाही.

वॉर्डाबाहेर नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, तो चालेल ना?" खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. संवेदना नसलेल्या अंगाला एका कुशीवर पडून जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी लागते. लघवीसाठी नळी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग होण्याची भीती कायम राहते. हे कोण करणार? बहुतेक वेळा आई, नाही तर बायको. आणि कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याच्या वर. संडास गॅलरीच्या टोकाला, त्याच्या दारातून चाकाची खुर्ची जात नाही. इमारतीला लिफ्ट नाही. पंचविशीतला कमावता मुलगा घरी परत येतो आणि पुढची कित्येक वर्षं खालचा रस्ता त्याला गॅलरीतूनच दिसतो. सिनेमातल्या शर्यतीचा शेवट समुद्रकिनाऱ्यावर होतो. या शर्यतीचा शेवट असा होतो.

योगायोग पाहा. हाजी अलीला, सागरी किनारा मार्गाच्या अगदी जवळ, केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून तिथे अशा रुग्णांना पुन्हा बसायला, जेवायला, खुर्ची हाकायला शिकवलं जातं. तिथे हाताने घास तोंडाशी नेणं ही एकेकाची महिनोन्‌महिन्यांची शर्यत असते.

तरुणांनाच ही झिंग का चढते? केवळ बेफिकिरी म्हणून सोडून देऊ नका. पुढचा धोका तोलणारा, 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र आधीच जोरात असते. लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडीचा खेळ खेळायला दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की दामटायचं, हे ठरवायचं होतं. एकटी असताना पौगंडावस्थेतली मुलं प्रौढांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र बघत असताना मात्र त्यांनी खूप जास्त धोका पत्करला. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा जवळजवळ काही परिणाम झाला नाही. आज मित्र बाजूला बसलेला असावाच लागत नाही, तो मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतो. म्हणून मुलाला 'गाडी सावकाश चालव' म्हणण्यापेक्षा 'मागे कोण बसणार आहे?' हे विचारणं जास्त उपयोगाचं आहे.

कोकणच्या शर्यतीतला शत्रू वेगळा आहे. तो म्हणजे झोप. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते. २४ तासांनंतर ती ०.१० टक्के असल्यासारखी होते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, ड्युटी करून, रात्री अकराला स्टिअरिंगवर बसलेला आपला बंड्या एक थेंबही न घेता 'प्यायलेला' असतो. नाकाबंदीच्या यंत्रात फुंकर मारून हे कळत नाही. खिडकी उघडणं, गाणी लावणं, चहा पिणं याने काही मिनिटं मिळतात, झोप भरून निघत नाही. पापण्या जड झाल्या, मागचा एखादा किलोमीटर आठवेना, की सुरक्षित जागी गाडी थांबवून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. त्याहून उत्तम म्हणजे रात्री झोपून पहाटे निघा. बाप्पा तेवढा वेळ थांबतो.

उपाय स्वस्त आहेत. व्होल्वो कंपनीतला अभियंता निल्स बोलिन याने १९५९ मध्ये आजचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मृत्यूचा धोका तो जवळजवळ निम्म्याने कमी करतो. मागच्या सीटवरही तो तितकाच गरजेचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, ओटीपोटाखाली नितंबाच्या हाडांवर हवा. लहान मूल मांडीवर घेऊ नका. धडकेच्या क्षणी दहा किलोचं बाळ हातात धरून ठेवणं पैलवानालाही जमत नाही. दुचाकीवर पट्टा बांधलेलं चांगलं हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी करतं. कोपरात अडकवलेलं हेल्मेट फक्त कोपर वाचवतं.

तरीही अपघात समोर घडलाच, तर पुढची काही मिनिटं तुमच्या हातात असतात. आपल्याकडे चांगल्या मनाची माणसं जखमीला हातापायांना धरून उचलतात आणि टॅक्सीत कोंबतात. मान मोडलेली असेल तर एवढ्याने उरलासुरला मज्जारज्जूही जाऊ शकतो. आग किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका नसेल तर त्याला हलवू नका. १०८ ला फोन लावा. कुणी तरी डोक्याशी बसून दोन्ही तळव्यांनी डोकं सरळ, स्थिर धरा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून ठेवा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढायला जाऊ नका. पाणी पाजू नका. हलवावंच लागलं, तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीसारखं एकदम उचला. पोलिसांच्या झंझटीची भीती बाळगू नका. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिलं आहे. आपलं नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

याच कायद्याच्या कलम १८९ नुसार विनापरवानगी शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण मला कायद्यापेक्षा एक दुसरी गोष्ट सांगाविशी वाटते. वेगाची हौस हा काही रोग नाही. चेन्नईला आणि कोइमतूरला शर्यतीचे रीतसर ट्रॅक आहेत. तिथे स्पर्धकाच्या अंगावर पाच-सहा पट्टे असतात, मोठ्या शर्यतींत डोकं आणि मान आवरून धरणारं उपकरण असतं, आणि ट्रॅकच्या कडेला डॉक्टर व रुग्णवाहिका सज्ज असल्याशिवाय झेंडा खाली पडत नाही. त्या रुग्णवाहिकेत नाटकातला रुग्ण नसतो. ती रिकामी परत जावी अशीच सगळ्यांची इच्छा असते.

'कॅननबॉल रन'च्या शेवटी, नामावलीबरोबर, चित्रीकरणातल्या फजित्या दाखवल्या आहेत. कुणी संवाद विसरतो, कुणाला हसू आवरत नाही. प्रेक्षक जाता जाता पुन्हा हसतात. ही कल्पना जॅकी चॅनला इतकी आवडली की पुढे त्याने आपल्या चित्रपटांच्या शेवटी स्वतःचे फसलेले स्टंट आणि झालेल्या जखमा दाखवायला सुरुवात केली. स्ट्रेचरवरून नेतानाचे क्षणही त्यात आले. मला त्याचं हे करणं जास्त प्रामाणिक वाटतं. उडी पाहून टाळ्या वाजवणाऱ्या मुलाला त्याच बैठकीत प्लास्टरही दिसतं. गावच्या पडवीत यंदा कुणी 'सहा तासांत आलो' म्हणालं, तर टाळी देण्याआधी एवढंच विचारा, "मागे आजीने पट्टा लावला होता का रे?"